सोळा आण्यांची माती : परभणीच्या भूमीला विचारलेले चार प्रश्न

महाराष्ट्राचा भूशास्त्रीय नकाशा समोर पसरावा आणि त्यात परभणी जिल्हा शोधावा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे रंगांची नुसती दाटी असते. सिंधुदुर्गाच्या टोकाला पुराणे खडक, जांभा आणि वाळूचा दगड यांची ठिगळे एकमेकांना लागून बसलेली दिसतात. परभणी मात्र एकाच रंगात बुडालेली असते. उत्तरेस जिंतूरच्या डोंगरापासून दक्षिणेस गंगाखेडजवळच्या बालाघाटापर्यंत तो रंग बदलत नाही. फार तर गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठाने गाळाची एखादी बारीक पट्टी ओढलेली असते. नकाशा वाचणाऱ्याने सहज म्हणावे, येथे पाहण्यासारखे काही नाही.

याच जिल्ह्यातील एखाद्या जुन्या शेतकऱ्यास त्याच्या गावच्या जमिनीविषयी विचारावे. भारी, मध्यम, हलकी, चोपण, खारवट, चिबड, चुनखडीची, मुरमाड, बरड, नदीकाठची मळईची अशी आठ-दहा नावे तो एका दमात सांगेल आणि प्रत्येक नावाचे शेत बोटाने दाखवील. सबंध गावाचे तर त्याने दोनच भाग केलेले असतात. जेथे माणसे राहतात ती पांढरी आणि जेथे पीक येते ती काळी. मातीच्या रंगावरून वस्ती आणि शेती यांची नावे पडावीत, इतकी ही माती येथील भाषेत मुरलेली आहे.

एकाच भूमीविषयी नकाशा एक शब्द बोलतो आणि शेतकरी दहा शब्द बोलतो. यांपैकी खोटा कोणीच नाही. नकाशा हा नेहमी कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असतो. जो प्रश्न विचारला गेला नाही, त्याचे उत्तर कितीही सुबक नकाशात सापडत नाही. परभणीच्या भूमीला गेल्या दोनशे वर्षांत असे चार प्रश्न विचारले गेले. ते कोणी विचारले, कशासाठी विचारले आणि त्यांतून कोणते नकाशे निघाले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. पाचवा प्रश्न अजून कोणी नीट विचारलेला नाही. त्याकडे शेवटी वळू.

पहिला प्रश्न : खडक कोणता?

जमिनीच्या पोटाचा नकाशा काढता येतो, ही कल्पनाच मुळी फार जुनी नाही. डेन्मार्कमध्ये जन्मलेले निकोलस स्टेनो (१६३८–१६८६) हे शरीरशास्त्राचे अभ्यासक होते. इटलीत टस्कनीच्या टेकड्या न्याहाळताना १६६९ साली त्यांनी एक साधा नियम मांडला : एकावर एक साचलेल्या थरांत खालचा थर आधीचा असतो आणि वरचा नंतरचा. हे स्टेनो पुढे कॅथोलिक धर्मगुरू व बिशप झाले. १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्यांच्या या नियमाच्या पायावर पुढील भूशास्त्र उभे राहिले. १८१५ साली विल्यम स्मिथ या कालव्यांच्या मोजणीदाराने इंग्लंड व वेल्सचा रंगीत भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला आणि खडकांचे रंग कागदावर आले.

हिंदुस्थानात ही विद्या मोजणी-खात्याचे बोट धरून आली. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला. त्रिकोणाला त्रिकोण जोडत त्यांची माणसे दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत राहिली आणि निजामाच्या राज्यातून वऱ्हाडाकडे गेली. १८२३ साली हैदराबादेहून नागपूरकडे जाताना वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लॅम्टन यांचा अंत झाला. त्यांची कबर तेथेच आहे.

या मोहिमेत १८१८ साली हेन्री वेस्ली व्हॉयसी नावाचा एक डॉक्टर दाखल झाला. आजारी माणसांना औषध देणे हे त्याचे काम होतेच, शिवाय वाटेत लागणाऱ्या खडकांची पाहणी करण्याची जबाबदारीही त्याच्यावर होती. निजामाच्या मुलखाचा पहिला भूशास्त्रीय नकाशा त्याच्या हातून तयार झाला. गाविलगडच्या डोंगरात बसाल्टच्या सान्निध्यात दगड झालेले शिंपले त्याला १८२३ साली सापडले. अग्नीतून निघालेल्या खडकाच्या थरांमध्ये पाण्यातील जीवांचे अवशेष कसे, या कोड्याने पुढे अनेक अभ्यासकांना झपाटले. उत्तर असे निघाले की, लाव्हा एकदाच वाहून थांबला नाही. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तळी भरली, झाडे वाढली, शिंपले जगले आणि पुढच्या प्रवाहाने त्यांना झाकून टाकले. व्हॉयसी १८२४ साली कलकत्त्याकडे जाताना वाटेतच वारला.

मुंबई इलाख्याकडून हेच काम कर्नल विल्यम साइक्स करीत होते. दख्खनच्या एका भागाच्या भूरचनेवरील त्यांचा निबंध १८३३ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे आला. सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या डोंगरांना ‘ट्रॅप’ हा शब्द फार शोभतो. स्वीडिश भाषेत त्याचा मूळ अर्थ जिना असा आहे. ‘दख्खन ट्रॅप’ हे नाव पुढे जगभर रूढ झाले. आजच्या गणनेप्रमाणे हा खडक सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा असून त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. परभणी या विस्ताराच्या आत, पूर्वेकडच्या अंगाला येते.

१८५४ च्या सुमारास जॉर्ज बेलास ग्रीनो यांनी साऱ्या हिंदुस्थानाचा मोठा भूशास्त्रीय नकाशा सिद्ध केला. ग्रीनो हे लंडनच्या भूशास्त्र संस्थेचे पहिले अध्यक्ष होते. या देशात त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते. सैनिक, डॉक्टर, अभियंते यांनी लिहिलेले वृत्तान्त जमवून त्यांनी तो नकाशा घरबसल्या रंगविला. त्यांच्या प्रश्नाला परभणीने एका रंगात उत्तर दिले. खडक कोणता, तर बसाल्ट. विषय संपला.

दुसरा प्रश्न : पोटात काय सापडेल?

१८५१ साली थॉमस ओल्डहॅम कलकत्त्यास उतरले आणि भारतीय भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे काम रीतसर सुरू झाले. त्यामागची तातडीची गरज कोळशाची होती. आगबोटी चालवायच्या होत्या, आगगाड्या येऊ घातल्या होत्या. साहजिकच ज्या खोऱ्यांत कोळशाची आशा, तेथे भूशास्त्रज्ञ आधी पोचले आणि त्या प्रदेशांचे नकाशे बारकाईने निघाले.

निजामाचे राज्य खनिजांच्या बाबतीत दरिद्री नव्हते. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची कीर्ती जुनीच होती. रायचूर भागात हट्टी येथे सोन्याच्या प्राचीन खाणी होत्या. १८७० च्या दशकाच्या आरंभी सर्वेक्षण खात्याचे विल्यम किंग यांना येल्लंदू परिसरात कोळसा आढळला आणि त्यातूनच सिंगरेणीच्या खाणी उभ्या राहिल्या. परंतु हिरे, सोने, कोळसा या सर्व खुणा राज्याच्या तेलुगू आणि कानडी भागांत पडल्या. मराठवाड्यावर ट्रॅपचे जाड झाकण होते. त्या झाकणाखाली काय आहे हे कोणास दिसत नव्हते आणि खणून पाहण्याइतकी आशाही वाटत नव्हती. खनिजांच्या नकाशावर परभणी कोरी राहिली.

त्या कोऱ्या जागेवरून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-सिकंदराबाद हा लोहमार्ग गेला. सेलू, मानवत, परभणी या बाजारपेठांतील कापूस त्याने बाहेर नेला. जमिनीच्या पोटात काही नसलेला हा जिल्हा जमिनीच्या पाठीवर काय पिकवतो, हे त्या मालगाड्यांवरून कोणासही समजले असते.

आजही खनिजांची कायदेशीर वर्गवारी पाहिली तर हाच दृष्टिकोन दिसतो. वाळू, मुरूम, दगड, विटांची माती यांना सरकारी भाषेत ‘गौण खनिज’ म्हणतात. परभणीजवळ जे आहे ते सारे गौण! परंतु गोदावरीच्या पात्रातील वाळू आणि शेताखालचा मुरूम यांच्या आधारेच तेथील विहिरींत पाणी टिकते. नकाशावरची ती गाळाची बारीक पट्टीही दिसते तितकी क्षुल्लक नाही. गोदावरीच्या जुन्या गाळात नांदूर मध्यमेश्वर येथे हत्तीची अश्मीभूत कवटी मिळाली आणि गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे परभणी जिल्ह्यातील ढालेगावच्या गाळातही प्राचीन प्राण्यांचे अवशेष मिळाले. जी वाळू आपण टोपल्यांनी विकतो, तिच्या आसऱ्याला एका लुप्त अरण्याची साक्ष पुरलेली आहे.

तिसरा प्रश्न : सारा किती बसेल?

भूशास्त्रज्ञाला जेथे एकच रंग दिसला तेथे सोळा छटा पाहणारा एक वेगळाच नकाशाकार त्याच शतकात गावोगाव हिंडत होता. त्याच्याजवळ रंगपेटी नव्हती. त्याच्याजवळ साखळी होती, पहार होती आणि कोरा कागद होता. त्याचे नाव कोणत्याही विद्वत्-सभेच्या इतिवृत्तात आले नाही. तो महसूल खात्याचा प्रतवारी करणारा कारकून होता.

या पद्धतीचा जन्म मुंबई इलाख्यात झाला. पेशवाई गेल्यानंतर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८ पासून दख्खनची मोजणी केली. प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवावा, अशी त्याची योजना होती. कागदावर ती निर्दोष होती. प्रत्यक्षात आकडे चुकले, सारा डोईजड झाला आणि शेतकरी गावे सोडून जाऊ लागले. हे अपयश पाहून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा तरुण अधिकाऱ्यांनी १८३५–३६ साली इंदापूर तालुक्यात नव्याने काम आरंभिले. उत्पन्नाचा अंदाज बांधण्याऐवजी त्यांनी मातीलाच विचारायचे ठरविले. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम स्थिर झाले.

मोजणीची साखळी तेहतीस फुटांची होती आणि तिचे सोळा आणे धरलेले होते. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आज आपण घरासाठी गुंठाभर जागा घेतो तेव्हा त्या जुन्या साखळीनेच मोजत असतो, हे आपल्या ध्यानी येत नाही.

मोजणी झाल्यावर प्रतवारी होई. शेताचे कागदावर सारखे भाग पाडीत. प्रत्येक भागात पहारीने खणून मातीची खोली हातांत मोजीत. येथे हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, दीड फूट. मातीचे तीन प्रकार मानले होते : बारीक पोताची काळी, तिच्याहून भरड व फिकट किंवा तांबूस आणि खडेमिश्रित भुरकट. पोत आणि खोली यांचा मेळ घालून एकूण नऊ वर्ग केले होते. पावणेदोन हात खोल असलेली बारीक पोताची काळी माती ही पहिल्या वर्गाची. तिचे मोल पूर्ण सोळा आणे. तेथून उतरत उतरत नवव्या वर्गाच्या वाट्याला दोन आणे येत.

याशिवाय मातीचे दोष पाहिले जात. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाण्याने धुपण्याची भीती, पाणी न मुरणे, उपळ फुटून ओल साचणे अशा दोषांसाठी ठरावीक खुणा होत्या. खूण पडली की जमीन एका वर्गाने खाली येई. अशा तऱ्हेने प्रत्येक शेताचा एक छोटा नकाशा तयार होई आणि त्याच्या चौकटी-चौकटीत खोलीचे आकडे व दोषांच्या खुणा भरलेल्या असत.

निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी राज्यकारभाराची जी नवी घडी बसविली, तिच्यात १८७० च्या दशकात ही मुंबईची पद्धत मराठवाड्यातील जिल्ह्यांसाठी स्वीकारली गेली. लंडनमध्ये रंगविलेल्या नकाशात जो जिल्हा एका रंगात झाकला गेला होता, त्याची माती येथे बांधाबांधाला खणून पाहण्यात आली.

पेरणाऱ्याचा दाखला आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. त्यात खडकाळ जमिनीवर पडलेले बी लगेच उगवते, कारण माती खोल नसते. ऊन वर आले की ते करपते, कारण त्यास मूळ नसते. मातीचे मोल तिच्या खोलीत असते, हे गालीलातील शेतकऱ्याप्रमाणे परभणीच्या शेतकऱ्यालाही कोणी शिकवावे लागले नव्हते. रब्बीची ज्वारी पावसाच्या पाण्यावर येत नाही. ती जमिनीने साठवलेल्या ओलीवर येते. खोल काळी म्हणजे त्या ओलीचे कोठार. सरकारी कारकुनाने ही जाण उचलली आणि तिचे आणे-पैशांत भाषांतर केले.

या नकाशाला एक मर्यादा होती आणि ती त्याच्या प्रश्नातूनच आली होती. पावणेदोन हात, म्हणजे साडेएकतीस इंच माती भरली की वर्ग पहिला. त्याखाली आणखी चार हात माती असली तरी साऱ्यात फरक पडत नसल्यामुळे तिची नोंद करण्याचे कारण नव्हते. सारा ठरविण्यास पुरेल इतकेच खणायचे, पुढे नाही. गोदाकाठच्या उत्तम जमिनींची खरी संपत्ती त्यामुळे मोजपट्टीच्या खालीच राहिली.

तरीही हा वारसा पुसला गेलेला नाही. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि सेतवार व खासरा पाहणी पत्रकांच्या पाठोपाठ सातबारा घरोघर पोचला. त्या उताऱ्यावर आजही ‘आकार’ म्हणून काही रुपये-पैसे लिहिलेले असतात. आजच्या बाजारभावापुढे ती रक्कम हसण्याजोगी वाटते. परंतु कोणे एके काळी आपल्या वाडवडिलांच्या शेतात कोणीतरी पहार मारून माती पाहिली होती, हे त्या क्षुल्लक आकड्यामागे उभे आहे. शेजारचा ‘पोटखराब’ हा रकानाही त्याच परंपरेतला.

चौथा प्रश्न : पिकेल काय?

माती ही शेतकऱ्याची आणि पिकाची गोष्ट आहे, या दृष्टीने तिचा नकाशा काढावा, हा विचार सर्वांत उशिरा आला. काळ्या मातीविषयी कुतूहल मात्र जुने होते. कॅप्टन न्यूबोल्ड यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तिचे वर्णन केले आणि ती पाण्याखाली साचलेली असावी असे मत दिले. इतर काहींच्या मते ती बसाल्टच्याच झिजेतून जागच्या जागी तयार झाली होती. परभणीसारख्या भागात हे दुसरे मत आज सामान्यतः मान्य आहे, नदीकाठचा गाळ तेवढा वगळून. इंग्रजी ग्रंथांत या मातीला ‘रेगूर’ म्हणत. तो शब्द तेलुगूतून गेला.

सरकारने डॉ. व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञास हिंदुस्थानी शेतीच्या पाहणीसाठी बोलावले. त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. येथील शेतकरी अडाणी आहे, या रूढ समजाला त्यांनी साफ नकार दिला. त्यांच्यानंतर आलेल्या लेदर यांनी १८९८ साली देशातील मातीचे चार मोठे गट सांगितले : गंगेच्या मैदानाचा गाळ, काळी, तांबडी आणि जांभी. १९३५ साली वाडिया, कृष्णन व मुखर्जी या तीन भूशास्त्रज्ञांनी खडकांच्या आधारे भारताच्या मातीचा नकाशा मांडला. जसा खडक तशी माती हे त्याचे सूत्र. बसाल्टच्या प्रदेशात बसाल्टची काळी माती. अर्थात परभणी पुन्हा एकाच रंगात.

प्रत्यक्षात एकाच खडकावर, एकाच शिवारात माती किती बदलते, हे जिंतूरकडून गोदावरीकडे चालत गेल्यास पायांनाच कळते. माथ्यावर बरड आणि मुरूम, उतारावर मध्यम जमीन, खाली सखल भागात पुरुषभर खोल काळी. माथ्यावरून जे वाहून गेले तेच पायथ्याला साचले. खडक एक असला तरी उतार, पाणी आणि काळ यांनी मातीचे दहा प्रकार घडविले. शेतकऱ्याचे दहा शब्द म्हणजे या घडणीचीच नोंद होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञानाने या मातीला व्हर्टिसॉल असे नवे नाव दिले. त्याच्या मुळाशी उलथण्याचा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती तिच्यात विपुल असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात-हात खोल भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते, पुढच्या पावसात फुगून वर येते. जमीन आपली आपणच नांगरून घेते, असे जे जुने लोक म्हणत त्याचे हे शास्त्रीय रूप. याच गुणामुळे काळीवर बांधलेल्या भिंती तडकतात. वस्तीसाठी पूर्वजांनी पांढरी निवडली ती काही उगीच नव्हे.

परभणीत १९५६ साली कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक यांचे नाव आहे. १९७६ साली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर या प्रमाणावर राज्यांच्या मातीचे नकाशे तिने तयार केले. १९९० च्या दशकात महाराष्ट्राचा नकाशा प्रसिद्ध झाला आणि त्यात परभणीचा तो जुना एकरंगी तुकडा अखेर अनेक छटांत फुटला. शेतकऱ्याचे म्हणणे नकाशाला पटायला दीडशे वर्षे लागली.

जे नकाशात नव्हते

विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरे. न विचारलेल्या प्रश्नांनीही मराठवाड्याला आपली आठवण दिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे भूकंप झाला आणि हजारो माणसे माळवदाच्या घरांखाली गाडली गेली. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगविलेला होता. नंतर किल्लारीजवळ खोल छिद्र घेण्यात आले. सुमारे तीनशे अडतीस मीटर ट्रॅप भेदल्यावर खाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. दीडशे वर्षे ज्या झाकणाखाली पाहण्याची कोणास गरज वाटली नव्हती, त्याच्याखाली कवायत चालू होती. नकाशाचा निश्चिंत रंग म्हणजे भूमीची निश्चिंती नव्हे.

दुसरे उदाहरण पाण्याचे. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडीच्या कामाची पायाभरणी झाली. पैठणच्या धरणाचे १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. डावा कालवा दोनशे आठ किलोमीटरचा असून तो परभणी जिल्ह्यात येतो. पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वरची धरणे झाली. पाण्याने पुष्कळ घरांना सुबत्ता दिली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु ज्या काळ्या मातीतून पाणी सावकाश झिरपते, तिला बारमाही पाणी मिळू लागल्यावर कोठे जमीन चिबडली, कोठे मीठ फुलून वर आले. जुन्या प्रतवारीच्या कागदात पाणी न मुरण्याची आणि उपळाची खूण होती. एखाद्या शेतापुढे ती खूण का पडली होती हे कालवा काढताना पाहिले असते, तर पाण्याबरोबर निचऱ्याच्या चराचाही विचार तेथे आधी झाला असता.

पाचवा प्रश्न

खडक कोणता, खनिज कोणते, सारा किती, पीक कोणते, हे चार प्रश्न विचारून झाले. पाचवा असा : माती उरली किती?

बोटभर माती तयार व्हायला शतके लागतात आणि ती वाहून जायला एक वळवाचा पाऊस पुरतो. माथ्यावरच्या कित्येक शेतांत आज नांगराला मुरूम लागतो. बांध फुटले, झाडे गेली, काही ठिकाणी मातीच विटांसाठी विकली गेली. आपल्या शेतात आजोबांच्या वेळी किती खोल माती होती हे आता कोणास ठाऊक नाही, असे आपण म्हणतो. ते पूर्ण खरे नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रतवारीच्या कागदांवर शेताच्या प्रत्येक भागातील मातीची खोली आकड्यांत लिहिलेली होती. भूमी अभिलेखाच्या दप्तरांत ते कागद जेथे जेथे टिकले असतील तेथे ते उघडून, त्याच शेतात, त्याच जागी पुन्हा पहार मारता येईल. पूर्वी दीड हात होती तेथे आता किती आहे? इतक्या जुन्या मोजमापाशी आजची माती ताडून पाहण्याची संधी जगात फार थोड्या प्रदेशांना मिळाली असेल. ज्या नोंदी सारा वसूल करण्यासाठी झाल्या, त्या माती वाचविण्याच्या कामी याव्यात, याहून चांगले प्रायश्चित्त त्या कागदांना मिळणार नाही.

२०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब यांचे आकडे असतात. ते आवश्यकच आहेत. परंतु त्या पत्रिकेत मातीची खोली विचारलेली नाही. रोग्याची नाडी पाहावी आणि वजन करू नये, असे काहीसे हे झाले आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची मुळे गावाकडच्या जमिनीत आहेत. शहरात आलेल्या घरांतूनही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुने उतारे, नकाशाचे फाटके तुकडे, उर्दू-मोडीतील कागद पडलेले असतात. वाटण्या आणि विक्री झाल्यावर ते निरुपयोगी म्हणून रद्दीत जातात. ते टाकू नयेत. वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्यावेत, त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि पुढच्या सुटीत मुलांना त्या शेताच्या बांधावर उभे करून एकदा खणून दाखवावे : येथपर्यंत काळी आहे, त्याखाली मुरूम, त्याखाली दगड. भूमीचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत खरा नकाशा पाहायला एक पहार पुरते.

सोळा आणे ही जुन्या काळी पूर्णतेची खूण होती. सोळा आणे खरे, सोळा आणे पीक असे आपण आजही म्हणतो. आपल्या हाती आलेली माती सोळा आण्यांची होती की बारा आण्यांची, हे आपल्या हातात नव्हते. पुढच्या पिढीच्या हाती ती किती आण्यांची जाईल, हे मात्र आपल्या हातात आहे.